अळ्या चढेपर्यंत

रेशीमकिड्यांची अंडी यंदाही हुरिनिसानं सुनेच्याच छातीशी बांधली. पातळ मलमलीची पिशवी, आत खसखशीएवढे करडे दाणे, वरून लोकरीचा जाड पट्टा. पट्ट्याची गाठ तिनं अशी करकचून मारली की मुहय्योचा श्वास अडकला.

"सैल राहिली की गारठतात," हुरिनिसा म्हणाली. "पालथं झोपायचं नाही. धावायचं नाही. हसायचं ते बेतानं. तिथं दुसरं काही वाढेल अशी चिन्हं तर दिसत नाहीत, अळ्या तरी वाढू देत."

"बरं, ओयी."

सुनेनं सासूला ओयी म्हणायचं, आई म्हणतात तसं, आणि पुढं फारसं काही म्हणायचं नाही, अशी त्या घराची रीत होती. मुहय्योचा नवरा इल्होम लग्नाचा पुलाव पचायच्या आत रशियात बांधकामावर गेला होता आणि तेव्हापासून फोनवरच नांदत होता. तरी मूल होत नाही हा दोष सुनेचाच, हे हुरिनिसा गल्लीत घरोघर सांगून चुकली होती. कुणी हिशेब करून हसलंच, तर ती त्या बाईच्या माहेरापर्यंत पोचायची. म्हणून कुणी हसत नसे.

हुरिनिसाचा रुबाब होता तो तिच्या कोषांवर. नमंगानच्या ह्या बाजूला एवढे पांढरे, एवढे कडक कोष कुणाचे उतरत नव्हते. कानाशी हलवले तर आतला किडा खुळखुळ वाजायचा. अंडी वाटणारा मुकादम, ब्रिगादीर, दर वसंतात पहिल्यांदा तिच्या दारात यायचा, आणि पाटाच्या पाण्याखालचा वावराचा तुकडा ह्या अळ्यांच्याच जोरावर तिच्याकडं राहिला होता. तिला चौथीतून काढलं होतं ते तुतीच्या फांद्या तोडायला. त्यानंतर तिनं पुस्तक हातात धरलं नाही आणि त्यावाचून तिचं काही अडलं नाही, असं ती स्वतःच सांगायची.

अंडी फुटून अळ्या बाहेर आल्या. घरातली मोठी खोली रिकामी करून मांडण्या लावल्या. सासू-सून ओसरीत झोपू लागल्या. खोलीत जाताना पाय धुवायचे, कांदा खाऊन जायचं नाही, वासाचा साबण लावायचा नाही. खोलीतली चूल पऱ्हाट्यांवर पेटती ठेवायची.

अळ्यांची दुसरी झोप, कात टाकायच्या वेळची, संपली त्या सुमाराला शेजारची तुर्सुनोय चहाला आली. द्राक्षाच्या मांडवाखाली दोघी बसल्या. मुहय्यो उभ्यानं चहा ओतत होती.

"शाहलोचं नाव घातलं मी नर्सिंगच्या कॉलेजात," तुर्सुनोय म्हणाली. शाहलो तिची लेक. "शहरात परीक्षा आहे, ह्या महिनाअखेरीला. लग्न झालेल्या पोरीसुद्धा बसतात म्हणे, ओपा. संध्याकाळचे वर्ग आहेत त्यांच्यासाठी." थोरल्या बहिणीला म्हणावं तसं ती हुरिनिसाला ओपा म्हणायची.

"मग नवऱ्याला जेवायला काय घालतात संध्याकाळी? इंजेक्शन?"

तुर्सुनोय खळखळून हसली. तेवढ्यात वाटीतला चहा तिच्या बोटांवर सांडला.

"अगं केलिन!" हुरिनिसा सुनेवर कडाडली. "काठोकाठ चहा ओततात पाहुणीला? ऊठ, जा, असं सांगतेस तिला?"

पाहुण्याला अर्धी वाटी चहा, म्हणजे पुन्हापुन्हा द्यायला निमित्त राहतं. एवढं तर शेंबड्या पोरीलाही कळतं. मुहय्योनं ती वाटी उचलली, पाटात रिकामी केली, परत अर्धी भरून दोन्ही हातांनी पुढं केली आणि मान खालीच ठेवून म्हणाली,

"ओयी, माझंही नाव घातलंय. माहेरी असतानाच घातलं होतं, ते चालतं म्हणतात. मागणी घालायला आलात तेव्हा तुम्ही आमच्या आईला शब्द दिला होता, शिकू देईन म्हणून."

हुरिनिसानं रोटीचा तुकडा मोडला. चावला. गिळला. मागणीच्या दिवशी माणूस काय काय बोलतो! तिनं तर पोरीच्या बापाला वाघासारखा माणूस म्हटलं होतं. पण तुर्सुनोय टक लावून बघत होती, आणि तुर्सुनोयच्या कानात पडलेलं सांजेपर्यंत टोकाच्या तंदूरपर्यंत जायचं. शब्द फिरवणारी बाई म्हणून तिला गावात मिरवायचं नव्हतं.

"जा की," ती म्हणाली. "मी कधी नाही म्हटलं? अळ्या कोष विणायला काड्यांवर चढल्या की जा. त्याआधी ह्या खोलीतून हललीस तर पोटच्या पोरांना उपाशी टाकून गेल्यासारखं होईल. तुर्सुनोय, तू साक्षी."

"वा, ओपा. ह्याला म्हणतात सासू!" तुर्सुनोय म्हणाली.

मुहय्योनं वाकून सलाम केला. पुन्हा केला. हुरिनिसाला तो वाकडा दिसला, कारण त्यात आनंद होता.

त्या दिवसापासून पोर कामाला अशी भिडली की हुरिनिसाला दोष काढायला जागा राहीना, आणि त्याचाच तिला राग येऊ लागला. उजाडायच्या आत मुहय्यो कुऱ्हाड घेऊन तुतीवर चढायची. फांद्यांचा भारा पाठीवर घेऊन यायची, तोंड चिकानं माखलेलं, मानेवर ओरखडे. पाला पसरायचा, खालची घाण काढायची, चूल सारायची, परत भारा. चौथी झोप संपल्यावर तर अळ्या बोटाएवढ्या झाल्या आणि खोलीत त्यांच्या खाण्याचा आवाज कौलावर पाऊस पडावा तसा अखंड येऊ लागला. मुहय्योच्या हातांना भेगा पडल्या. भेगांत हिरवा रस बसून त्या काळ्या झाल्या. आणि पाला पसरताना ती ओठातल्या ओठात काहीतरी म्हणत राहायची.

"काय पुटपुटतेस? अळ्यांवर मंत्र टाकतेस काय?"

"हाडांची नावं म्हणते, ओयी. विचारतात परीक्षेत."

"कुणाची हाडं?"

"सगळ्यांची सारखीच असतात."

ह्यात उर्मटपणा होता की नव्हता ते हुरिनिसाला ठरवता येईना. "माझ्या हाडांना नावं नव्हती तरी त्यांनी आयुष्यभर भारे वाहिले," ती शेवटी म्हणाली. "तुझी नावं घेऊन किती वाहतात बघू."

पण ती मनातून धास्तावली होती. आज नर्स, उद्या पगार. पगार आला की सून इल्होमकडं तिकीट काढून जाईल, नाहीतर शहरात खोली करील. मग ही खोली, ह्या मांडण्या, हा भारा? तिच्या गुडघ्यांनी मागच्या वर्षीच तुतीवर चढायचं नाकारलं होतं. ते कुणाला ठाऊक नव्हतं, कारण कुऱ्हाड सुनेच्या हातात होती.

वसंत यंदा पाण्यात गेला होता. डोंगरावरून गार वारा यायचा आणि ऊन पाहुण्यासारखं तोंड दाखवून परतायचं. अळीचं सगळं उबेवर चालतं. ऊब लागली की ती भराभर खाते, पिवळी होते, डोकं वर करते आणि काडीवर चढून कोष विणायला लागते. गारठली की पाल्यावर नुसती पडून राहते. मुहय्योला हे ठाऊक होतं, म्हणून ती पऱ्हाट्या जरा जास्तच सारायची. परीक्षेच्या आत चढायलाच हव्या होत्या. हुरिनिसालाही ठाऊक होतं. सून भारा आणायला गेली की ती आत जाऊन चुलीतला विस्तव मागं ओढायची आणि मागच्या भिंतीतली खिडकी बोटभर उघडायची.

सून परत यायची, उंबऱ्यातच थबकायची. अळ्या गप्प. ती भारा उतरायच्या आधी खिडकी लावायची आणि चूल फुंकायला बसायची. तिचे डोळे धुरानं लाल व्हायचे. हुरिनिसा बाहेर बसून जरदाळूच्या बिया फोडत राहायची.

"वाऱ्यानं उघडली वाटतं खिडकी," एकदा मुहय्यो म्हणाली.

"वाराच तो. कुणाचं ऐकतो?"

दुसऱ्या दिवशी सुनेनं खिडकीच्या कडीला चिंधी गुंडाळून गच्च गाठ मारली. हुरिनिसानं ती दातांनी सोडली आणि चिंधी चुलीत घातली. संध्याकाळी दोघी एका ताटात जेवल्या. हुरिनिसानं आपल्या हातानं मांसाचा तुकडा सुनेपुढं सरकवला.

"खा. भारे वाहायचेत."

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपार कलल्यावर हुरिनिसानं एक अळी उचलून उजेडाला धरली. गळ्याशी पिवळसर झाली होती, आरपार दिसत होती. दुसरी धरली. तीही तशीच. चारपाच तर डोकी वर करून हवेत शोधत होत्या. उद्या उजाडता उजाडता सगळी खोली काड्यांवर चढणार, हे तिला एखादं भांडं उतू जाताना दिसावं तसं दिसलं. एवढी वर्षं ह्या क्षणाला ती ओसरीतून ओरडून सगळ्या गल्लीला सांगायची. आज तिनं अळी परत पाल्यावर ठेवून दिली.

"केलिन, आज पाला मशिदीपलीकडच्या झाडांचा आण. इकडचा कोवळा आहे, ह्यांना आता जून लागतो."

"आता पाल्याची गरजच नाही, ओयी. पिकल्यात त्या. काड्या उभ्या करते मी."

"अळ्या कुणाच्या? तुझ्या बापानं आंदण दिल्यात?"

मुहय्यो कुऱ्हाड घेऊन गेली. हुरिनिसानं चुलीवर पाणी ओतलं आणि दोन्ही खिडक्या सताड उघडल्या. दुपारी गारा पडल्या होत्या तो वारा सरळ मांडण्यांवर आला. फार नाही, तिनं मनाशी ठरवलं. घटकाभर. नुसत्या एका दिवसानं मागं ढकलायच्या, मारायच्या थोड्याच आहेत. सांजेच्या अजानीआधी येऊन लावून टाकू. तुर्सुनोयच्या भावाकडं नातवाला पाळण्यात घालायचा कार्यक्रम होता. न जाऊन चालणारं नव्हतं. तिथं तिला मानाच्या जागेवर, सगळ्यांच्या वरच्या बाजूला बसवलं. पुलाव आला, मग गाणी झाली. म्हाताऱ्यांनी तिला बाळाच्या कपाळाला हात लावायला सांगितलं. "तुमचा हात चांगला, ओपा. तुमच्या हाताखाली काही मरत नाही." ती बसली. आणखी बसली. अजान झाली तेव्हा ती हसत होती.

घरी आली तेव्हा दारातूनच तिला गार झोत लागला. खिडक्या तशाच सताड. पाला मशिदीपलीकडचा येऊन पडला होता, ओल्या भाऱ्यातच. आणि मुहय्यो उंबऱ्यावर बसली होती, पाय जोडून, हात मांडीवर.

"खिडक्या उघड्या आहेत! डोळे फुटले काय तुझे?"

"तुम्ही उघडल्यात, ओयी," मुहय्यो म्हणाली. "मला वाटलं, हव्या असतील. तुमच्या अळ्या."

हुरिनिसानं तिच्या कानशिलात मारली. मग पळत आत गेली, खिडक्या ओढून घेतल्या, गुडघे टेकून चूल पेटवायला बसली. ओल्या पऱ्हाट्या नुसता धूर करत होत्या. मागं सून उभी होती, हाताची घडी घालून नव्हे, हात पुढं नीट जोडून, सुनेनं उभं राहावं तसंच.

"फुंकणी दे!"

तिनं फुंकणी दिली. मागितलं ते सगळं दिलं. न मागता काही केलं नाही.

सकाळी अळ्या मांडण्यांवर पडून होत्या. डोकं एकीचंही वर नव्हतं. मुहय्यो ओसरीत आली ती लग्नातला रेशमी झगा घालून, डोक्याला पांढरा रुमाल, काखेत पिशवी. हुरिनिसा फाटकाला पाठ लावून उभी होती.

"चढल्या का?"

"नाही चढल्या, ओयी."

"मग?"

"का नाही चढल्या, ते तुम्हाला माहीत आहे."

"मला एवढंच माहीत आहे की शब्द दिला तो चढल्यावरचा. साक्षीला तुर्सुनोय आहे. मी शब्दाची पक्की आहे."

गल्लीत तुर्सुनोयची गाडी उभी राहिली. भाड्याची छोटी पांढरी गाडी, मागं शाहलो नटून बसलेली. हॉर्न वाजला. मुहय्योनं पिशवीतून फोन काढला आणि नवऱ्याला लावला. तिकडं बहुधा तो कामाला लागलाही होता. मागं यंत्रांचा खडखडाट ऐकू येत होता. हुरिनिसानं फोन तिच्या हातातून घेऊन मोठ्या आवाजावर ठेवला, फाटकापलीकडच्यांनाही ऐकू जावा असा.

"इल्होम, तुझी बायको परीक्षेला निघालीये. अळ्या मरायला टाकून. काय करू? सांग."

"ओयी, आता? मी परांचीवर आहे..."

"इल्होमजान," मुहय्यो म्हणाली. ती कधी नवऱ्याला सासूसमोर नावानं हाक मारत नसे. "एकच दिवस. दुपारी परत येते. तू बोललास तर जाऊ देतील."

खडखडाट. कुणीतरी रशियनमध्ये त्याला शिवी देऊन बोलावलं.

"ओयी म्हणेल तसं कर," तो म्हणाला. "मला ह्यात ओढू नका," आणि फोन बंद झाला.

हॉर्न पुन्हा वाजला. तुर्सुनोय खिडकीतून ओरडली, "येतेस का गं मुहय्यो? उशीर होतोय!"

"नाही येत!" हुरिनिसानं फाटकावरून ओरडून सांगितलं. "तिच्या अळ्या चढल्या नाहीत. शब्द म्हणजे शब्द. तुम्ही जा, सुखरूप जा, अल्ला यश देवो!"

गाडी गेली. मुहय्योनं आत जाऊन झगा उतरवला, घडी घालून ठेवला, जुने कपडे घातले आणि खोलीत पाला पसरायला गेली. त्या दिवशी तिनं हाडांची नावं घेतली नाहीत. हुरिनिसा मुद्दाम दाराशी जाऊन ऐकत होती.

तिसऱ्या दिवशी वास सुटला. अळ्या मऊ पडल्या, मग काळ्या. उचलायला गेलं की बोटात फुटायच्या आणि तपकिरी पाणी मनगटापर्यंत यायचं. हुरिनिसानं मांडणी मांडणी हुडकली, जिवंत कुठं एखादी मिळते का. मिळाल्या त्या पसाभर काड्यांवर ठेवल्या. त्यांतल्या काही चढल्या आणि अर्धवट विणून लोंबत्या राहिल्या. बाकीच्या दोघींनी घमेल्यांनी भरून पाटाच्या कडेला खड्ड्यात टाकल्या. हुरिनिसाला वांती झाली. सुनेनं तिच्या पाठीवरून हात फिरवला नाही, पाण्याचा तांब्या मात्र आणून ठेवला.

वासावर बायका आल्या. ओढणीचं टोक नाकाला लावून ओळीनं उभ्या राहिल्या. ब्रिगादीरही आला, आत डोकावला आणि आयुष्यात पहिल्यांदा हुरिनिसाच्या ओसरीत न बसता परतला. पुढच्या वसंतात अंडी तुर्सुनोयच्या घरी जातील, आणि वावराचंही तेव्हाच बघू, एवढं म्हणाला.

हुरिनिसानं बायकांकडं बघितलं. मग सुनेकडं बोट केलं.

"हिच्या हाताला बरकत नाही. छातीशी हिनंच बाळगली होती अंडी. जिच्या अंगात ऊब नाही तिच्याजवळ काय जगणार? पोट तर बघताच आहात."

बायका मुहय्योकडं बघू लागल्या. कुणी ओठ चावला, कुणी मान हलवली. ती रडेल, निदान खिडकीचं नाव काढील, असं हुरिनिसाला वाटलं होतं. खिडकीचं नाव काढलं की काय बोलायचं तेही तिनं जुळवून ठेवलं होतं. पण मुहय्योनं छातीवर हात ठेवून सगळ्यांना वाकून सलाम केला.

"ओयी म्हणतात ते खरं आहे," ती म्हणाली. "माझ्याच हातानं मेल्या."

पोर खोटं बोलत नव्हती. उघड्या खिडक्या बघत, उंबऱ्यावर हात मांडीवर ठेवून ती किती वेळ बसली असेल, हे आता हुरिनिसाला कळलं, आणि ते ओरडून सांगायची सोय नव्हती.

जून लागला. खोली पांढऱ्या चुन्यानं रंगवली तरी वास पुरता गेला नव्हता. शाहलो पास झाली. तुर्सुनोय लेकीला घेऊन तिळाच्या हलव्याची ताटली भरून आली. मांडवाखाली बसल्या. तुर्सुनोयच्या आवाजात आता नवीन ऐट होती. ती हुरिनिसाला ओपा म्हणत होती, पण मधेच तिचं बोलणंही तोडत होती.

"पहिल्या दहांत आली. कॉलेजातल्या सर्जन बाईंनी स्वतः पाठ थोपटली, ओपा. तुमची मुहय्यो असती तर दोघी जोडीनं गेल्या असत्या. नशीब एकेकीचं."

"नशीबच," हुरिनिसा म्हणाली. तिच्या आत काहीतरी सळसळत वर आलं. "केलिन! ये इकडं. शाहलोचं तोंड गोड झालं, तुझं नको?"

मुहय्यो हात पुसत आली. हुरिनिसानं हलव्याचा तुकडा उचलला. स्वतःच्या हातानं. सासूनं सुनेला भरवणं म्हणजे केवढी माया! शाहलो हसायला लागली आणि मग मुहय्योचं तोंड बघून थांबली.

"आ कर."

मुहय्योनं तोंड उघडलं. हुरिनिसानं तुकडा आत ठेवला आणि तिच्या डोळ्यांकडं बघत बसली. आता फुटेल. आता.

मुहय्योनं चावलं, गिळलं.

"गोड आहे, ओयी," ती म्हणाली, आणि पुन्हा तोंड उघडलं.

तुर्सुनोय बघत होती. हुरिनिसानं दुसरा तुकडा घातला. मुहय्योनं तो गिळला आणि तोंड उघडून तशीच उभी राहिली, हात जोडून, मान जरा पुढं करून. तिसरा. चौथा. हलवा घशाला चिकटत होता, तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते ठसक्यानं. पण तोंड मिटत नव्हतं.

"पुरे गं," तुर्सुनोय हळूच म्हणाली. "लागेल पोटात. ओपा, पुरे करा."

पुरे करायचं म्हणजे हात मागं घ्यायचा. हुरिनिसानं आणखी एक तुकडा उचलला. तुकडा सुनेच्या ओठावर आपटून फुटला. शाहलो उठून फाटकाबाहेर गेली. तुर्सुनोय जमिनीकडं बघत होती. मांडवाखाली फक्त चावण्याचा आवाज येत होता.

ताटली संपली. मुहय्योनं ओठ पुसले, वाकून सलाम केला आणि रिकामी ताटली विसळायला आत घेऊन गेली.

हुरिनिसाची बोटं तेला-साखरेनं चिकट झाली होती. हातावर पाणी घालणारी दुसरी कुणी त्या घरात नव्हती. ती हात तसेच वर धरून बसून राहिली, आणि आतून पाण्याचा आवाज येत राहिला, येत राहिला, आणि कुणी बाहेर आलं नाही.